सायकलचं प्रगतिपुस्तक

मुला-मुलींनो, निकालाच्या दिवशी प्रगतिपुस्तक हातात पडलं की तुम्ही सगळ्यांत आधी काय बघता? श्रेणी! आई-बाबाही तेच बघतात. श्रेणीच्या खाली बाईंनी चार ओळी लिहिलेल्या असतात. 'तोंडी गणितं झटपट सोडवते, लिहिताना घाई करते', अशा. त्या फारसं कुणी वाचत नाही. पण आम्हां शिक्षकांचा जीव त्या चार ओळींतच असतो, बरं का! श्रेणी नुसतं 'किती' एवढंच सांगते. कशात, कुठे आणि पुढे काय, हे त्या ओळी सांगतात.

गेल्या मे महिन्यात मी असंच एक प्रगतिपुस्तक लिहिलं. विद्यार्थी जरा वेगळा होता. त्याला दोन चाकं होती, एक मोटर होती आणि वजन होतं साडेबावीस किलो. होय, ती एक सायकल होती! डोंगरात चालवायची, विजेची मदत मिळणारी, कार्बनच्या सांगाड्याची. आणि तिची परीक्षा घ्यायला मी गेले होते थेट इटलीला.

झालं असं. माझा धाकटा भाऊ नोकरीसाठी इटलीतल्या तोरिनो शहरात राहतो. आमचं गाव वाईजवळचं. बाबांच्या काळ्या सायकलच्या दांडीखालून पाय घालून तो सायकल शिकला. थोडा मोठा झाल्यावर सुट्टीत पसरणीचा घाट सायकल ढकलत चढायचा आणि उतरताना वाऱ्याशी शर्यत लावायचा. तिकडे गेल्यावर त्याला कळलं, की या वेडाला एक नाव आहे, त्याच्या स्पर्धाही होतात. नाव आहे एन्ड्युरो!

पण दोन वर्षांपूर्वी फुटबॉल खेळताना त्याचा गुडघा दुखावला. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी सायकल चालवायला परवानगी दिली, मात्र लांब चढावर जोर लावायला मनाई केली. आता आली का पंचाईत! चढल्याशिवाय उतरायचं कसं? तिथे डोंगरावर सायकली नेणाऱ्या गाड्या असतात. पण गाडीत बसून वर जायचं म्हणजे, त्याच्या शब्दांत सांगायचं तर, 'दुसऱ्यानं सोडवलेलं गणित वहीत उतरवायचं'.

मग त्याच्या डोक्यात विजेच्या सायकलनं घर केलं. समुद्रकाठच्या फिनाले लिगुरे नावाच्या गावात एका दुकानदारानं भाड्यानं दिली जाणारी एक सायकल विकायला काढली होती. किंमत साडेचार हजार युरो, म्हणजे चार लाख रुपयांच्या वर! माझ्या भावाची दोन वर्षांची शिल्लक. मी सुट्टीत त्याच्याकडे गेले, तर विमानतळावरच म्हणाला, "ताई, तू रोज पोरांना श्रेणी देतेस ना? हिलाही दे. पास झाली तर घेतो."

इकडे निघताना आईनं मला वेगळंच बजावलं होतं. "काहीही सांग, पण त्याला ती सायकल घेऊ देऊ नकोस. एकदा गुडघा मोडला तेवढा पुरे."

आता तुम्हीच सांगा, परीक्षकानं काय करावं? पेपर बघण्याआधीच लाल शाईनं भोपळा काढून ठेवावा? मला काही ते जमेना. मी आईला म्हटलं, "जे दिसेल ते लिहीन."

परीक्षा घ्यायची तर आधी अभ्यासक्रम माहीत हवा. एन्ड्युरोचा अभ्यासक्रम असा : दिवसभर डोंगरात फिरायचं. डोंगरउतारावर काही टप्पे आखलेले असतात. घड्याळ लावतात ते फक्त या उताराच्या टप्प्यांना. दोन टप्प्यांमधला चढ ठरलेल्या वेळात चढून जायचा, पण त्याची वेळ निकालात धरत नाहीत. ज्याच्या सगळ्या उतारांची बेरीज सर्वांत कमी, तो जिंकला. २०१३ साली याची जागतिक मालिका सुरू झाली. तिची पहिली फेरी इटलीतल्या पुंता आला इथे झाली आणि शेवटची याच फिनाले लिगुरेमध्ये. फ्रान्सचा जेरोम क्लेमांत्झ आणि ब्रिटनची ट्रेसी मोझली हे पहिले विजेते. पुढे २०२० साली विजेच्या सायकलींची वेगळी मालिका निघाली. तिच्यात काही अवघड चढांनाही घड्याळ लावलं. मोटर असल्यावर चढाचीही परीक्षा हवीच की!

तेव्हा या विद्यार्थ्याला दोन गोष्टी यायला हव्यात. दमवून न टाकता वर नेणं आणि सांभाळून खाली आणणं. मी वहीत दोन रकाने आखले. तिसरा रकाना कोरा ठेवला. वर्गात मी नेहमी एक रकाना कोरा ठेवते. मुलं अशी काही करतात की ज्यासाठी रकानाच नसतो!

दुकानदारानं सायकल एक दिवस वापरून बघायला दिली. कंपनीचं नाव मी सांगणार नाही. मला तिची जाहिरातही करायची नाही आणि बदनामीही. तिच्यासोबतच्या माहितीपत्रकात नुसते आकडेच आकडे. ट्रॅव्हल १७० मिलिमीटर. मोटर ८५ न्यूटन-मीटर. बॅटरी ६३० वॉट-तास. आमच्या वर्गातली मुलं क्रिकेटपटूंचे आकडे पाठ करतात ना, तसा माझा भाऊ ते घडाघडा म्हणत होता. मी म्हटलं, "पाठांतर छान! आता अर्थ सांग."

पहिला शब्द, ट्रॅव्हल. मोटारसायकलला शॉकअप असतात, ते तुम्ही पाहिलेच आहेत. खड्डा आला की ते दबतात आणि धक्का आपल्यापर्यंत कमी पोचतो. चाक जास्तीत जास्त जेवढं वर सरकू शकतं, तेवढा त्याचा ट्रॅव्हल. १७० मिलिमीटर म्हणजे जवळजवळ एक वीत! मोठ्या दगडावरून उडी पडली तरी चाक एक वीत वर सरकून धक्का गिळणार. या शॉकअपमध्ये स्प्रिंगऐवजी दाबलेली हवा होती. चालवणाऱ्याच्या वजनाप्रमाणे ती पंपानं कमी-जास्त करायची. माणूस नुसता बसला की मागचा शॉकअप साधारण तीस टक्के दबायला हवा. शॉकअपच्या दांड्यावर एक रबरी कडं असतं, ते किती सरकलं ते पट्टीनं मोजायचं. दांडा दबतो एकूण ६५ मिलिमीटर. त्याचे ३० टक्के किती? करा पटकन! साडेएकोणीस. भावाच्या वजनाला आधी २४ भरले, म्हणजे हवा कमी होती. ती भरली तेव्हा कुठे बरोबर उत्तर आलं. बघा, १७० चा एवढा थाट, पण हवा नीट भरली नाही तर तो आकडा नुसता कागदावरच!

दुसरं, मोटर. ती मोपेडसारखी आपणहून पळत नाही. पायडलवर पायाचा दाब किती पडतो हे एक संवेदक ओळखतो आणि त्या प्रमाणात मोटर जोर लावते. पाय थांबले की मोटरही थांबते. यामाहा कंपनीनं १९९३ साली जपानमध्ये अशी पायडलला साथ देणारी सायकल बाजारात आणली, तिथपासूनची ही युक्ती. युरोपच्या नियमाप्रमाणे मोटरची सततची ताकद २५० वॉटपर्यंत असावी लागते आणि ताशी २५ किलोमीटर वेग झाला की तिनं मदत बंद करायची. आपल्याकडेही २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटर हीच मर्यादा पाळणारी सायकल मोटारवाहनांत धरत नाहीत.

तिसरं, कार्बन. कार्बनच्या केसाहून बारीक तंतूंचे पापुद्रे साच्यात एकावर एक ठेवतात, त्यांना चिकट राळेनं बांधतात आणि दाब देऊन तापवतात. तंतू ज्या दिशेला असतात त्याच दिशेला ताकद जास्त, म्हणून प्रत्येक पापुद्रा वेगळ्या कोनात ठेवायचा. आजीची गोधडी आठवा! असा सांगाडा हलका आणि ताठ होतो. पण अॅल्युमिनियमला पोचा पडतो तो डोळ्यांना दिसतो. कार्बनचे पापुद्रे आतल्या आत सुटले तर वरून काही कळत नाही. म्हणून आम्ही नाण्यानं सगळ्या सांगाड्यावर टकटक करून बघितलं, मडकं घेताना आई वाजवून बघते तसं. सगळीकडे सारखा टणक आवाज आला. एखाद्या ठिकाणी भद्द वाजलं असतं तर परीक्षा तिथेच संपली असती!

मग वजन केलं. भाऊ आधी एकटा काट्यावर उभा राहिला, मग सायकल उचलून. वजाबाकी केली, साडेबावीस किलो. त्यात मोटर २.६ किलो, बॅटरी साडेतीन किलोंहून थोडी जास्त. मला हसूच आलं. बाबांची काळी लोखंडी सायकल साधारण एवढीच जड होती! कार्बनमुळे सांगाड्यात जे वाचवलं, त्याच्या कितीतरी पट मोटर आणि बॅटरीनं परत घेतलं. वहीत नोंद केली : 'एका हातानं देते, दुसऱ्या हातानं घेते. उतारावर लक्ष ठेवावे.'

आता चढाची परीक्षा. फिनाले लिगुरेच्या मागे डोंगर सरळ समुद्रातूनच उठल्यासारखे दिसतात. वर सुमारे हजार मीटर उंचीवर 'नेटो' या लष्करी संघटनेचा जुना, आता बंद पडलेला तळ आहे. सायकलवाल्यांच्या बऱ्याच पायवाटा तिथूनच सुटतात. पाचगणी वाईहून पाचशे मीटरांहून जास्त उंच आहे. म्हणजे हा चढ जवळजवळ दोन पसरणी घाटांएवढा!

मी सायकली नेणाऱ्या गाडीतून आधीच वर जाऊन थांबले. भाऊ रस्त्यानं सव्वा तासात वर आला. इको, ट्रेल आणि बूस्ट अशा मदतीच्या तीन पायऱ्यांपैकी त्यानं मधली लावली होती. बॅटरी १०० वरून ५४ टक्क्यांवर आली होती.

वरच्या वर्गातल्या मुलांनी हे गणित करून बघावं. माणूस, सायकल, पाठपिशवी मिळून १०० किलो. हजार मीटर वर न्यायला लागणारी ऊर्जा १०० गुणिले ९.८ गुणिले १०००, म्हणजे ९ लाख ८० हजार जूल. एका वॉट-तासात ३६०० जूल असतात. भागाकार केला की येतात सुमारे २७२ वॉट-तास. बॅटरीतून गेले ६३० चे ४६ टक्के, म्हणजे सुमारे २९०. तुम्ही म्हणाल, 'बाई, मग सगळं बॅटरीनंच केलं की! भावानं काय केलं?' थांबा. टायर रस्त्यावर घासतात, मोटर तापते, त्यातही ऊर्जा जाते. पाय फिरत नसते, म्हणजे एकट्या बॅटरीला ओढावं लागलं असतं, तर ती अर्ध्याहून बरीच जास्त रिकामी झाली असती. तेव्हा भावाचा वाटा होताच. एवढ्या बॅटरीत दिवसाला असे दोन चढ, तिसरा नाही. चढाला श्रेणी दिली अ-१.

वर पोचल्यावर त्यानं शिरस्त्राण काढलं, एका दगडावर बसला आणि आईला फोन लावला. फोन फिरवून तिला खालचा निळा समुद्र दाखवला. म्हणाला, "आई, मी वर आलोय. पायडल मारत." पलीकडे आई बराच वेळ काहीच बोलली नाही. मग तिनं विचारलं, "गुडघा दुखतोय का?" तो म्हणाला, "नाही." तेव्हा ती म्हणाली, "मग उतरताना सावकाश ये."

तो कोरा रकाना आठवतो ना? त्यात मी लिहिलं, 'आईला फोन केला.' श्रेणी दिली नाही.

आता उतार. इथे मोटरचा उपयोग जवळजवळ शून्य! वेग २५ च्या वर गेला की ती नुसतं ओझं होऊन सोबत येते. भावाचा एक मित्र बिनमोटरची, पंधरा किलोंच्या आसपासची एन्ड्युरो सायकल घेऊन आला होता. विज्ञानाच्या पुस्तकात असतं तसं आम्ही केलं : माणूस तोच, वाट तीच, फक्त सायकल बदलायची, आणि प्रत्येक वेळ तीनदा मोजायची. मी मोबाइलचं घड्याळ घेऊन झाडाआड उभी. दगडधोंड्यांच्या सरळ पट्ट्यात विजेच्या सायकलला लागले ३१, ३० आणि ३१ सेकंद. साधीला ३२, ३३ आणि ३२. जड सायकल दगडांवरून हुसकली जात नाही, शॉकअप दबतात आणि ती आपली शांतपणे निघून जाते. अ-१!

पण पुढे अरुंद, उलटसुलट वळणांचा पट्टा आला. तिथे विजेच्या सायकलला ४४, ४३ आणि ४५ लागले. साधीला ४१, ४१ आणि ४०. वळणावर सायकल झुकवायची, लगेच दुसरीकडे वळवायची, वाटेत लाकडाचा ओंडका आला तर पुढचं चाक उचलायचं. इथे साडेबावीस किलो हाताला जाणवतात. श्रेणी ब-२. नोंद : 'वळणाआधीच ब्रेक लावण्याचा सराव हवा.'

खाली आल्यावर मी ब्रेकच्या चकतीवर पाण्याचे दोन थेंब टाकले. चर्र! वर चढवताना मिळालेली ऊर्जा उतरताना कुठे जाते, याचं उत्तर त्या आवाजात होतं. (अशा चकतीला हात लावायचा नाही हं! आणि असल्या वाटांवर पूर्ण शिरस्त्राण, गुडघ्या-कोपरांची कवचं आणि जाणता सोबती यांच्याशिवाय पाऊलही टाकायचं नाही.)

संध्याकाळी फिनालबोर्गो या तटबंदीतल्या जुन्या गावात आम्ही फरिनाता खाल्ला. म्हणजे चण्याच्या पिठाचं, भट्टीत भाजलेलं जाड धिरडंच की! पोट भरलं. भाऊ म्हणाला, "ताई, झाली ना पास? आता पैसे भरतो."

मी म्हटलं, "एक तोंडी परीक्षा राहिलीय. आपण राहतोय त्या खोलीपर्यंत ही वर नेऊन दाखव."

खोली दुसऱ्या मजल्यावर होती. मोटरला पायी ढकलतानाही ताशी सहा किलोमीटरपर्यंत साथ देण्याची सोय होती, पण ती चढणीवर. दगडी, अरुंद जिन्यात सायकल उचलावीच लागते. भावानं बॅटरी काढून माझ्या हातात दिली, सायकल खांद्यावर घेतली आणि निघाला. पहिल्या वळणावर तो गुडघा धरून पायरीवर बसला. तोरिनोला तो राहतो तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. खाली कुलूपबंद जागाही नाही.

दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही. मग मी वही उघडली आणि आम्ही हिशेब केला. ही सायकल दिवसाला ९० युरो भाड्यानं मिळते. साडेचार हजार भागिले ९०, म्हणजे ५० दिवस. मी विचारलं, "खरं सांग, वर्षातून किती दिवस जाशील?" त्यानं बोटं मोजली. थंडी, पाऊस, कामाचे शनिवार वजा केले. म्हणाला, "दहा. फार तर बारा." म्हणजे विकत घेण्याच्या पैशांत चार-पाच वर्षं भाड्यानं चालवता येईल. शिवाय लिथियमची बॅटरी वापरली तरी आणि नुसती ठेवली तरी हळूहळू म्हातारी होतेच. तो भार दुकानदाराचा!

त्यानं सायकल घेतली नाही. दर महिन्याला एका रविवारी तो आगगाडीनं समुद्रकाठी जातो, ती किंवा तिची बहीण भाड्यानं घेतो आणि सावकाश वर चढतो. आईला कळलं तेव्हा ती खूश झाली. म्हणाली, "शेवटी माझंच ऐकलंस! नापास केलंस ना तिला?" मी म्हटलं, "नाही गं आई. सायकल पास झाली. नापास झाला तो जिना."

पालकहो, दुकानात मुलांसमोर वस्तू निवडताना आपण बहुतेक वेळा आकडेच पुढे करतो. किती गिअर, किती इंच, किती मेगापिक्सेल. आकडे खोटे नसतात. पण वस्तू कशासाठी हवी, ती वापरणार कोण, ती ठेवणार कुठे आणि एका हातानं देऊन दुसऱ्या हातानं काय घेते, हे माहितीपत्रकात छापलेलं नसतं. ते आपणच विचारायचं. मुलांना हे प्रश्न विचारू द्या, उत्तरं मिळायला वेळ लागला तरी चालेल.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी गृहपाठ. घरातली एक वस्तू निवडा. पंखा, दप्तर, पाण्याची बाटली, बाबांची सायकल, काहीही. तिचं काम काय ते आधी लिहा. मग मोजता येईल ते स्वतः मोजा, एकदा नाही, तीनदा. श्रेणी द्या, श्रेणीखाली चार ओळी लिहा. आणि एक रकाना कोरा ठेवायला विसरू नका.